सुईनं बरं वाटते, मग व्यायाम काहून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. ताईंचं वय ४६. घरचं तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. हंगामात दुसऱ्यांच्या वावरातही निंदण-वेचणीला जातात. अडीच वर्षांपासून कंबर दुखते. सकाळी उठताना धरलेली असते, दुपारी वाकून काम केलं की कळ येते, कधीमधी ती डाव्या मांडीपर्यंत उतरते. गावात आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर एक डॉक्टर येतात. ते सुई देतात आणि पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मॅडमनी मात्र नीट तपासून सांगितलं की सुईची गरज नाही, फोटोचीही नाही, व्यायाम करा, चालत्या-फिरत्या राहा. व्यायामाची चित्रं असलेला एक कागद दिला. ताई लिहितात, "दिवसभर वावरात वाकूनच राहतो आम्ही, त्याहून जास्त व्यायाम कोणता असते? सुईनं बरं वाटते, मग व्यायाम काहून?" पुण्याला कंपनीत असलेला मुलगा म्हणतो, नागपूरला जाऊन एमआरआय काढ, एकदाचं काय ते कळेल. शेजारणीच्या मणक्यात गॅप निघाला आणि तिचं ऑपरेशन झालं. एमआरआयसाठी कानातलं गहाण ठेवायची ताईंची तयारी आहे. मालक, म्हणजे नवरा, म्हणतात, कामाचा कंटाळा आला म्हणून नाटक चाललंय. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत: मॅडमला माझं दुखणं खोटं वाटते काय? आणि मी कोणाचं ऐकू?

ताई,

तुमचं दुखणं खोटं नाही. आणि मॅडमना ते खोटं वाटलं असेल असं मला तुमच्या पत्रावरून अजिबात वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की त्यांनी तुम्हाला झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठ्यात जोर किती ते पाहिलं, तळव्याला सुन्नपणा आहे का विचारलं. ज्याला खोटं वाटतं तो डॉक्टर इतका वेळ देत नाही. पण त्या तपासणीतून त्यांना काय कळलं, हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, आणि तुमचा गैरसमज तिथूनच सुरू झाला. मी स्वतः डॉक्टर आहे, विदर्भातल्या ग्रामीण दवाखान्यांतच नोकरी केली, त्यामुळे ही जागा मला चांगली ठाऊक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र हे साधारण ३० हजार लोकवस्तीसाठी असतं, आदिवासी भागात २० हजारांसाठी. बाहेर रांग असते. "काळजीचं काही नाही" एवढं बोलून पुढचा पेशंट आत येतो. तुम्ही घरी येताना मनात घेऊन येता ते वेगळंच: मला काही झालंच नाही म्हणे.

बाकीचं बोलण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण माझं पुढचं सगळं बोलणं तिच्यावर अवलंबून आहे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांडीच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पाऊल लुळं पडून चप्पल निसटू लागली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. तिथं एमआरआयही हवा आणि ऑपरेशनचा विचारही. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, झोपल्यावरही न थांबणारी कळ, हे असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, वर्षानुवर्षं स्टिरॉइड पोटात गेलेलं असणं, ही तपासणी वाढवायची कारणं आहेत. आणि आपल्या भागापुरतं आणखी एक. पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे, मेळघाटातही, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. लहानपणापासून हाडं, सांधे, कंबर मधूनमधून ठणकत असतील तर आरोग्य केंद्रात रक्ताची साधी तपासणी करून घ्या. ती आता सरकारी मोहिमेतच आहे.

बायकांच्या बाबतीत मी आणखी एक विचारते, कारण त्या आपणहून सांगत नाहीत. अंग बाहेर येणं, अंगावरून जाणं, पाळीत फार रक्त जाणं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला होता. म्हणजे प्रत्येकीची कंबर त्यामुळेच दुखते असं नाही, आणि पांढरं जाण्याचा संबंध आपल्याकडे दर कंबरदुखीशी लावतात तोही बरोबर नाही. पण तुमच्या आरोग्य केंद्रात बाई डॉक्टर आहेत. असं काही असेल तर कंबरेबरोबर त्यांना तेही सांगा.

सुई-पुडीतल्या स्टिरॉइडची शंका सोडली, तिच्याबद्दल पुढे बोलते, तर तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. मांडीपर्यंत उतरणारी कळ आहे, पण पायात जोर आहे, सुन्नपणा नाही. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला आम्ही जुनी कंबरदुखी म्हणतो. अशा दहातल्या नऊ जणांत एखादी ठरावीक नस, दोन मणक्यांमधली गादी किंवा हाड बोट ठेवून दाखवता येत नाही. दुखणं खरं असतं, पण ते फोटोत सापडत नाही.

म्हणून एमआरआयबद्दल बोलते. मुलाला वाटतं, फोटो काढला की काय ते कळेल. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून ३११० अशा लोकांचे स्कॅन पाहिले गेले ज्यांना कंबरदुखी नव्हतीच. विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली निघाली, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत. पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. यांना काहीच दुखत नव्हतं! तुमच्या वयाला एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये काही ना काही निघणारच. मग गावभर होईल की हिच्याही मणक्यात गॅप आहे, आणि तुम्ही वाकायला घाबराल. घाबरून आखडलेली कंबर जास्त दुखते.

पण मला वाटतं, हे सगळं तुम्हाला आधीच कोणीतरी सांगितलं असतं तरी एमआरआय तुम्हाला हवाच वाटला असता. मालक नाटक म्हणतात, ही ओळ तुम्ही पत्रात घाईनं लिहून पुढे गेलात. बाकीचं पत्र मला तिच्याभोवतीच फिरताना दिसतं. ताई, रागावू नका, पण तो फोटो तुम्हाला उपचारासाठी हवा आहे की घरात दाखवायला? काळ्या फिल्मवर बोट ठेवून "हे बघा" म्हणता यावं, म्हणून? सुईचंही तसंच. सुई घेतली त्या दिवशी तुम्ही दुपारी आडव्या होता आणि कोणी काही बोलत नाही. व्यायामाचा कागद घेऊन घरी आलात तर कोणी म्हणणार नाही की आज हिला भांडी घासायला लावू नका. सुई आवडण्यात तुमचं अडाणीपण नाही. हक्काचा विसावा तुम्हाला दुसऱ्या कोणत्या वाटेनं मिळतच नाही. त्या विसाव्यासाठी कानातलं गहाण पडू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आता सुईत काय असतं ते ऐका. बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक, सोबत बी-कॉम्प्लेक्स, आणि पुष्कळदा स्टिरॉइड. स्टिरॉइडनं दोन-चार दिवस अंग हलकं वाटतं, भूक लागते, म्हणूनच ते चार दिवस चांगले जातात. मग उतरतं. वेदनाशामक वारंवार घेतलं तर जठरात जखम होते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हात पाणी न पिता राबणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडावर तर जास्तच. स्टिरॉइड वर्षानुवर्षं गेलं तर साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. ज्या मणक्यासाठी औषध घेतलं तो मणकाच कमजोर होतो. पुडीतल्या सुट्ट्या गोळ्यांचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं, कारण त्यावर ना नाव ना ताकद. जडीबुटीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

तरीही उद्यापासून सगळं एकदम बंद करू नका. स्टिरॉइड बरेच महिने पोटात गेलं असेल तर ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं, अंगातली ताकद जाते, चक्कर येते, रक्तदाब एकदम उतरतो. उरलेली पुडी जशीच्या तशी घेऊन मॅडमकडे जा, किती महिने आणि आठवड्यातून किती वेळा ते सांगा. रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगा. त्या रागावतील या भीतीनं लपवू नका.

मोटरसायकलवर येणाऱ्या डॉक्टरांना मी खलनायक ठरवणार नाही. ते तुमच्या दारात येतात, नावानं हाक मारतात, उधारीवरही देतात. पण एक पाहा: त्यांनी सुई न देता अर्धा तास फक्त समजावून सांगितलं असतं, तर तुम्ही पैसे दिले असते का? नुसत्या बोलण्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही, म्हणून ते सुई देतात. आणि सगळेच सुई देतात म्हणून आपल्याला वाटतं की उपचार म्हणजे सुई. डॉक्टर समजतो पेशंटला हीच हवी, पेशंट समजतो डॉक्टरला हीच योग्य वाटते. तुम्हाला नक्की काय हवंय, हे दोघांपैकी कोणी विचारलेलंच नाही. कंबरदुखीच्या लोकांशी जिथं जिथं अभ्यासकांनी सविस्तर बोलून पाहिलं, तिथं लोकांची मोठी मागणी सापडली ती ही: मला काय झालंय, ते किती दिवस चालेल आणि मी काय करू, हे कोणीतरी नीट सांगा.

व्यायामाचा तुमचा प्रश्न फार रास्त आहे, आणि मॅडमनी तो गृहीत धरायला हवा होता. वेचणीचंच घ्या. खालच्या फांदीची बोंडं गुडघ्याच्या खाली असतात. पाय सरळ, कंबर दुमडलेली. वेचलेला कापूस भरायची ओटी कमरेला, पोटाच्या बाजूनं. सकाळी हलकी, दहा वाजेपर्यंत जड, आणि ती पुढं ओढते. त्या ओढीला तोलून धरायला पाठीचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. मजुरी किलोवर, म्हणून धुऱ्यावर जाऊन ओटी रिकामी करायची तर पात मागे पडते. सहा तास एकाच दिशेला, एकाच ताणात राहिल्यानं स्नायू थकतात, बळकट होत नाहीत. व्यायामात तेच स्नायू थोडा वेळ, सगळ्या दिशांना, तुमच्या हुकमानं काम करतात आणि मग त्यांना विसावा मिळतो. उन्हाळाभर गोठ्यात उभ्या असलेल्या बैलाला आपण पहिल्याच दिवशी दिवसभर वखराला जुंपत नाही, हळूहळू वाढवतो. कंबरेलाही तसंच वाढवायचं.

कागदावर दहा चित्रं असतील. तीन पुरेत. सतरंजीवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीला टेकलेले. ढुंगण आवळून कंबर उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत रेघ सरळ होईल इतकी. पाच आकडे मोजा, सावकाश खाली. श्वास कोंडू नका. पाच वेळा. दुसरा, हात आणि गुडघ्यांवर ओणव्या होऊन पाठ सावकाश वर कमानीसारखी करा, मग खाली झोल द्या. दहा वेळा. सकाळी कंबर धरलेली असते तेव्हा हाच आधी करा. तिसरा वावरातला: दर अर्ध्या तासानं उभं राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. आठवड्यानंतर हे आकडे एक-दोननं वाढवा. आणि चाला, पण डोक्यावर पाण्याचा गुंड किंवा मोळी घेऊन नव्हे, रिकाम्या हातानं आणि ताठ. दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेला चालण्याचा अभ्यास २०२४ साली छापून आला. ठरवून चालणाऱ्यांत दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२.

करताना थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर आकडा कमी करा, बंद करू नका. कळ मांडीच्या खाली पोटरीपर्यंत उतरायला लागली तर तो एक व्यायाम थांबवून मॅडमना दाखवा. सुईचा गुण तासाभरात येतो, व्यायामाचा सहा ते आठ आठवड्यांत, आणि तोही हळू. दुखणं पार जाईल असं वचन मी देणार नाही. जुन्या कंबरदुखीत कोणताही एक उपचार बाकीच्यांपेक्षा खूप सरस ठरलेला नाही. पण म्हणूनच इथं तुमच्या पसंतीला किंमत आहे. जो व्यायाम तुम्ही सहा महिने कराल तोच तुमच्यासाठी चांगला. योगासनं आवडत असतील तर ती करा, मंदिरापर्यंतची फेरी आवडत असेल तर ती.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शन काढलं. त्यात नीट समजावणं, व्यायाम, मालिशसारखे हाताचे उपचार, मनावरचा ताण हलका करणारं बोलणं आणि गरजेपुरती वेदनाशामक गोळी हे आहे. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ओढणं, अफूवर्गातल्या गोळ्या आणि पोटात किंवा सुईतून स्टिरॉइड हे नेहमीच्या वापरासाठी नको असं सांगितलं आहे. तुमच्याकडे पट्टा असेलच. वेचणीच्या एखाद्या जड दिवशी धीर येतो म्हणून तासभर बांधला तर मी भांडणार नाही. दिवसभर बांधू नका.

घरगुती उपायांचंही लिहून टाकते, कारण ते तुम्ही करताच. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, गरम पाण्याची पिशवी, तेलाची हलकी मालिश, खुशाल करा. उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेता, त्यात नुसता पाय टेकवणं असेल तर काही बिघडत नाही, लाथ मारू देऊ नका. बिब्बा आणि डाग नको. त्यानं कातडी जळते, जखम चिघळते. हाडवैद्याकडून कंबर झटक्यानं कडकडवून घेणं तुमच्या बाबतीत नकोच, कारण स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ झाली आहेत का हे अजून माहीत नाही. आणि फळीवर झोपायची शिक्षा कोणी सांगितली असेल तर ती सोडा. झोळ न पडलेली, बेताची मऊ गादी चांगली.

ऑपरेशनचं थोडक्यात. पायात उतरणारी तीव्र कळ, दबलेली नस, जाणारा जोर, यात ऑपरेशनचा उपयोग होतो. नुसत्या पायातल्या कळेतही सहा ते बारा आठवडे थांबलं तर बहुतेकांची कळ उतरते. ऑपरेशननं आराम लवकर मिळतो, पण वर्षभरानं पाहिलं तर थांबलेले आणि ऑपरेशन केलेले जवळपास सारख्याच अवस्थेत असतात. नुसती कंबर दुखते म्हणून मणके जोडायचं ऑपरेशन मात्र चांगल्या व्यायामापेक्षा सरस ठरत नाही. शेजारणीचं दुखणं काय होतं ते आपल्याला माहीत नाही, कदाचित तिला गरज असेल. पण सरकारी योजनेत फुकट होतं, हे ऑपरेशनचं कारण असू शकत नाही. पुढे कधी खरंच एमआरआय लागला तर मॅडमची चिठ्ठी घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कानातलं कानातच राहू द्या. गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी: चातगावजवळच्या शोधग्राममध्ये बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात मणक्याचे तज्ज्ञ बाहेरून येऊन तपासत आले आहेत, तारखा तिथं विचारून घ्या.

तेव्हा कोणाचं ऐकू याला माझं उत्तर: मॅडमचं ऐका, पण आधी त्यांना तुमचं ऐकायला लावा. या वेळी "कंबर दुखते" एवढंच सांगू नका. काय करता येत नाही ते सांगा. गुंड उचलता येत नाही, रात्री कूस बदलताना जाग येते, दिवाळीनंतर वेचणीला जायचं आहे. तुम्हाला यातलं काय आधी परत हवंय ते सांगा. मग त्या त्यावरून व्यायाम निवडतील. कागद नको, एकदा करून दाखवा म्हणा, आणि तुम्ही त्यांच्यासमोर एकदा करा. फार दुखेल त्या दिवसासाठी नाव लिहिलेली कोणती गोळी, जेवल्यावर की आधी, सलग किती दिवस, हे लिहून मागा. मुख्य म्हणजे विचारा, "सुई नको म्हणता, ते काहून?" हा प्रश्न उद्धट नाही. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतात, तिथं एकदा पाठवा म्हणा. परत यायची तारीख ठरवून घ्या, म्हणजे तुम्हाला वाऱ्यावर सोडलं असं वाटणार नाही. आणि हे वाचणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, ओपीडीची गर्दी मलाही माहीत आहे. पण तपासताना "पायात जोर चांगला आहे, नस मोकळी आहे, म्हणून फोटो नको" एवढं एक वाक्य मोठ्यानं बोला. सोबत नवरा किंवा सासू आली असेल तर त्यांच्यासमोर बोला.

त्यासाठीच ताई, पुढच्या वेळी मालकांना सोबत न्या. ते नाही म्हणाले तर ही पानं त्यांच्या हाती द्या. दादा, २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. तुम्ही फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन दिवसभर हिंडता, तेव्हा रात्री तुमची पाठ कशी होते ते आठवा. या बाईनं अडीच वर्षं दुखऱ्या कमरेनं निंदण, वेचणी, पाणी, चूल सगळं केलं. जिला कामाचा कंटाळा आहे ती हे करत नाही. तुम्ही दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. पाण्याचे गुंड तुम्ही भरा, आणि सकाळी पंधरा मिनिटं तिला सतरंजीवर असताना कोणी हाक मारणार नाही हे बघा.

या हंगामात वेचणीला जा, घरी बसू नका. पडून राहिल्यानं कंबर आखडते, आणि तुमचा हातचा पैसाही जातो. पण वेगळ्या पद्धतीनं जा. वरची बोंडं उभ्यानं वेचा, खालच्यांसाठी कंबरेतून न वाकता गुडघे वाकवून उकिडव्या बसा, दोन्हींची अदलाबदल करत राहा. ओटी अर्धी झाली की रिकामी करा. पात मागे पडेल, दिवसाला काही किलो कमी होतील, पण आठवड्यातून दोन दिवस सुट्टी घ्यावी लागणार नाही. बांधलेलं गाठोडं एकटीनं डोक्यावर चढवू नका, दोघी मिळून उचला. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड जा. आणि मुलाला फोन करून सांगा, एमआरआयसाठी जमवलेले पैसे पाठवायचेच असतील तर कार्तिकात पाठव, घरच्या वावराच्या वेचणीला दोन बाया जास्तीच्या लावता येतील.